पंचावन्न इंची टीव्ही आणि आप्पाचा बंद फोन

जुळे सोलापूर,
बुधवार, दुपारी साडेतीन

तीर्थरूप आप्पा यांस,

धाकटा भाऊ बाळासो याचा साष्टांग नमस्कार. (‘यांस’ फक्त वरच्या ओळीपुरतं. जन्मात तुला कधी अहो-जाहो केलं नाही. आता केलं तर तुला वाटेल, ह्याचं काहीतरी काम अडलंय. तसं काही नाही.) इकडे आम्ही खुशाल. तुझी भावजय सारजा, तिचे गुडघे जिना चढताना दुखतात आणि उतरताना जास्त दुखतात, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, एवढंच. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला आता दीड महिना झाला. पाणी येतं का? काळा चष्मा घालत जा, पण गोठ्यात जाताना काढत जा. तुला चष्म्यात बघून म्हैस बुजली आणि दोन दिवस दूध चोरलं, असं कळलं. (कुणाकडून कळलं ते विचारू नकोस.)

पत्र बघून चक्रावला असशील. आता पत्र कोण लिहितं? पण करू काय? फोन लावला की तू उचलत नाहीस. मेसेज टाकला तर वाचत नाहीस. टपाल आलं मात्र की तुला ते फोडल्याशिवाय चैन पडत नाही. लाईटबिलसुद्धा तू दोनदा वाचतोस. माझं अक्षर तुला पहिल्यापासून लागत नाही, म्हणजे केराबाई वहिनीच तुला हे मोठ्यानं वाचून दाखवणार. (वहिनी, नमस्कार करतो. कंसातलंसुद्धा वाचा, गाळू नका.) एसटीतनं निवृत्त झालो तरी तुमच्या नातेपुते गाडीचा कंडक्टर अजून ओळख देतो. पत्र त्याच्याच हातात देणार आहे, म्हणजे टपालात चार दिवस लोळायला नको.

मुद्दा आधी सांगून टाकतो, कारण मी एकदा टीव्हीवर घसरलो की मुद्दा राहून जाईल. येत्या रविवारी चार वाजता आपल्या आरोहीची खो-खोची राज्य फायनल आहे आणि ती खेळाच्या चॅनलवर दाखवणार आहेत. तुझी सख्खी नात, पृथ्वीराजची पोर, टीव्हीवर! ती तू हितं माझ्या घरात, माझ्याशेजारी बसून बघावीस म्हणून मी पंचावन्न इंची एचडी टीव्ही घेतलाय. आता तू म्हणशील, पोर तुझ्याकडं शिकायला ठेवली होती, पळायला नव्हे. ते तू चार महिन्यांपूर्वी म्हणालासच. न्हाव्याच्या दुकानात पेपरात संघाचा फोटो बघितलास आणि निम्मी दाढी झालेली तसाच उठून आलास, हेही कळलं. मग फोन करून एकच विचारलंस, परवानगीच्या कागदावर पालक म्हणून सही कुणी केली? मी म्हटलं, मी. बारावीचं वर्ष, पोरीचं वाटोळं करतोस, आजपासून तुझा फोन मला नको, असं म्हणून तू जो ठेवलास तो ठेवलासच. शब्दाला जागणारा माणूस तू, मान्य आहे. पण आप्पा, बारावीची फी भरलीय, शिकवणी लावलीय, पोर पहाटे पळते आणि दिवसा वाचते. सरावाच्या कॅम्पवरनं रोज फोन करते आणि दुसरं काही विचारत नाही. आजोबा येणार का, एवढंच विचारते. म्हणून म्हणतो, रागात ये, पण ये. सोफा मोठा आहे. तू त्या टोकाला बस, मी ह्या टोकाला बसतो.

टीव्ही कशाला, मोबाईलवर नसतं का दिसलं, असं वहिनी म्हणतील. सेमीफायनल आम्ही मोबाईलवरच बघितली. खालच्या मजल्यावर पंचाक्षरी सर राहतात, निवृत्त मास्तर, सगळ्यातलं सगळं कळणारे. त्यांच्या मोबाईलला आम्ही तिघं डोकी लावून बसलो. तळहाताएवढ्या काचेत बारा पोरी धावतायत, एकीचंही तोंड दिसेना. सामना संपल्यावर सारजानं मीठ-मोहऱ्या घेऊन मोबाईलवरनंच आरोहीची दृष्ट काढली, आणि मग सर म्हणाले, वहिनी, ही आपली नव्हे, ही समोरच्या संघाची कप्तान. घ्या! आता तुझा एक डोळा नवा आणि एक जुना, तुला त्या काचेत काय कप्पाळ दिसणार? जुना एकवीस इंची होता, पण त्यात हल्ली सगळ्यांचे चेहरे हिरवे येत होते. त्याच दिवशी ठरवलं, टीव्ही घ्यायचा आणि मोठा घ्यायचा.

दुकानातल्या माणसानं आल्या आल्या विचारलं, काका, फुल एचडी पाहिजे का फोर-के? म्हटलं, चालणारा पाहिजे. स्मार्ट का साधा? म्हटलं, शहाणा चालेल, शहाणपणा शिकवणारा नको. मग म्हणाला, ह्याला एचडीएमआयची तीन भोकं आहेत. आता हे चांगलं का वाईट तेच मला माहीत नाही, पण माझ्या तोंडावर ते दिसू नये म्हणून मी नुसतं म्हटलं, तीनच? तो बिचारा एवढासा झाला. (एसटी स्टँडवर बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत काढली, आप्पा. माहिती नसली तरी आवाजात येऊ द्यायची नाही, हे पहिलं शिकलो.)

सोमवार सिद्धेश्वराचा वार, म्हणून सोमवारीच आणला. बसवायला दुकानानं शिवकुमार नावाचा माणूस पाठवला. चाळिशीचा, अक्कलकोटकडचा, कामाला वाघ. आमच्याशी मराठीत बोलतो आणि ड्रिल मशीनशी कानडीत. टीव्हीला सरळ भिंत आमच्याकडं एकच, आणि तिच्यावर आबांचा फोटो. (वडिलांना हलवायचं म्हणजे तुला विचारायला हवं होतं. तीन वेळा फोन लावला.) शेवटी आबांना समोरच्या भिंतीवर नेलं. आता ते टीव्हीच्या बरोबर समोर आहेत, घरातली सगळ्यांत चांगली जागा त्यांचीच. टीव्ही मी मुद्दाम उंच लावून घेतला. रविवारी गावाकडनं माणसं येतील, खाली बसलेल्यांना, मागं उभं राहिलेल्यांना, सगळ्यांना दिसला पाहिजे. शिवकुमार म्हणाला, काका, एवढ्या वर कोण लावतेत का? मी म्हटलं, स्टँडवर गाड्यांचा फलक ह्याच उंचीला असतो. बघताना मान मोडते, पण दिसतो.

मग त्यानं पेनड्राइव्ह खुपसून चालवून दाखवला. समुद्रातले मासे होते. आप्पा, काय सांगू! माशाच्या अंगावरचे खवले मोजून घ्यावेत इतकं स्पष्ट. सारजा म्हणाली, बया, ह्यो माझ्याकडंच बगतोय की! शिवकुमारनं आपला पेनड्राइव्ह काढून घेतला, जुना डिशचा डबा तीन रंगी वायरीनं मागं जोडून दिला, (तोच डबा, तू केबल घेतल्यावर छत्रीसकट मला दिलेला,) रिमोटवरचं एक बटण दाखवून म्हणाला की चॅनल बघायचं झालं की हे दाबून इनपुट बदला, आणि गेला. साडूच्या पोरीच्या लग्नाला गावी निघाला होता, गुरुवारी परत येतो म्हणाला. त्याच्या पायात चपला असतानाच मी विचारायला हवं होतं की इनपुट म्हणजे काय. पण आवाजात येऊ द्यायचं नाही ना!

तो गेल्यावर सारजानं पूजेचं ताट आणलं. नवी वस्तू घरात आली की तिला हळद-कुंकू पाहिजेच. मी कशाला नाही म्हणू? दसऱ्याला डेपोत एकेका गाडीला स्टिअरिंगपासून टायरपर्यंत कुंकू लावायचो आणि गाड्या वर्षभर पळायच्या. उलट मीच म्हटलं, ठळक लाव, नुसतं बोट टेकवू नको. तिनं हळद-कुंकू तेलात घट्ट कालवलं. टीव्ही उंच, तिचा हात वर पोचेना, म्हणून खालच्या कडेला मधोमध, कंपनीच्या नावाखाली पाच बोटं ओढली आणि वर अक्षता चिकटवल्या. उंबऱ्यात नारळ फोडला. आबांच्या फोटोला आणि टीव्हीला एकाच वेळी ओवाळलं, समोरासमोर असल्यामुळं नुसतं वळलं की झालं. मग आम्ही दोघं पाटावर बसल्यासारखे सोफ्यावर बसलो आणि मी रिमोट दाबला.

काही नाही.

परत दाबला. काही नाही. उभा राहून दाबला, जवळ जाऊन दाबला, सारजानं देवाचं नाव घेऊन दाबला. टीव्हीच्या खाली मागं एक बटण आहे, खुर्चीवर चढून त्यानं टीव्ही चालू होतो आणि बंद होतो, पण त्याला दुसरं काही येत नाही. चालू झाला की काळ्या पडद्यावर एक पाटी येते, ‘सिग्नल नाही’. ती पाटी सोमवार संध्याकाळपासून ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात हिंडतीय. मध्यावर येते, थांबल्यासारखी करते आणि परत निघते. सारजाला वाटतं ती काहीतरी शोधतीय. आबा समोर बसून ती वाचतायत. एवढा मोठा टीव्ही घेतला आणि त्याच्यावर दोन शब्द, तेसुद्धा नकाराचे.

मंगळवारी सकाळी मी स्वतः हात घातला. टीव्हीच्या मागं टॉर्च घेऊन बघितलं तर डब्याच्या वायरीला रंगीत टोकं तीन, लाल, पिवळं आणि पांढरं. टीव्हीला भोकं पाच, त्यात एक हिरवं, एक निळं, आणि लाल दोन! तीन नवरदेव आणि पाच मांडव, कोण कुठं जायचं? मी सगळे उपसून परत घातले. एकदा असे, एकदा तसे, एकदा नुसता पांढरा. पाटी हिंडतीच आहे. शिवकुमारला लग्नाच्या मांडवात फोन लावला. मागं सनई. तो ओरडून म्हणाला, काका, वायरी काढू नका, टीव्ही एचडीएमआय एकवर हाय, डबा दुसरीकडं हाय, रिमोटनं इनपुट बदला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे गाडी फलाट पाचला लागलीय आणि प्रवासी फलाट एकवर उभे आहेत! हे मला आधी सांगितलं असतं तर मी हां हां म्हणता समजलो असतो. पण फलाट बदलायची घोषणा करायची रिमोटनं, आणि रिमोट मुका. मी नवे सेल आणले. सेल उलटे घातले, सुलटे घातले, उन्हात ठेवले. सारजानं रिमोटला प्लास्टिक गुंडाळलं होतं, ते काढलं. काही नाही.

मग पंचाक्षरी सर वर आले. त्यांनी टीव्हीकडं न बघता भिंतीकडं बघितलं, दोन वेळा ‘हं’ म्हणाले आणि निदान केलं की तुमचं अर्थिंग वाळलंय. सोलापूरचं ऊन, जमीन वाळते, वीज घाबरते, टीव्ही ऐकत नाही. खाली अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी आणि मूठभर मीठ घाला. मला ते पटलं, कारण ते अगदी सावकाश बोलतात. नळाला पाणी चार दिवसांआड येतं, आप्पा, आणि मी त्यातल्या दोन बादल्या तीन जिने उतरून जमिनीला पाजल्या. वर आलो तर पाटी हिंडतीय आणि सारजा कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, टीव्हीला पानी पाजलं, आता मला चा ठिवायला पानी न्हाय. तुमी दोगं भाव सारखंच, एक फोन उचलंना आन एक कुणाचं ऐकंना. (वहिनी, हे वाक्य जरा हळू वाचा. किंवा नको, मोठ्यानंच वाचा.)

आज सकाळी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, मराठीसाठी आणखी काहीतरी दाबा. शेवटी एक मुलगी बोलली, लई गोड आवाज. म्हणाली, रिमोटचं तोंड मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबून कॅमेऱ्यात बघा. माझ्या बटणाच्या फोनला कॅमेरा नाही, म्हणून सरांचा मोबाईल आणला आणि धरला तर काय, रिमोटच्या टोकाला जांभळा दिवा लुकलुकतोय! नुसत्या डोळ्यानं बघितलं, काही नाही. मोबाईलमधनं बघितलं, दिवा. मी दहा वेळा बघितलं. मला दिसत नाही ते मोबाईलला दिसतं, म्हणजे आता कुणावर विश्वास ठेवायचा? मुलगी म्हणाली, मग काका, रिमोट चांगला आहे. टीव्हीचं बटण चालतं ना? चालतं. मग टीव्हीपण चांगला आहे. मी म्हटलं, बाई, हा चांगला, तो चांगला, मग दोघांचं बोलणं का होत नाही? ती म्हणाली, मधे काही आडवं येतंय का बघा. मधे काय असणार? मधे मी आणि सारजा. आम्ही दोघं बाजूला सरून भिंतीला चिकटून उभे राहिलो आणि हात लांब करून दाबलं. काही नाही. फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसलो.

आप्पा, खरं सांगू का, मला तो पत्र्यावरचा अँटेना बरा वाटायला लागलाय. आठवतं का, पहिला टीव्ही आणला तेव्हा तू वर पत्र्यावर चढून काठी फिरवायचास आणि मी खाली दारात उभा राहून सांगायचो, आलं, आलं, गेलं! तू वरनं काहीतरी ओरडायचास, मी म्हणायचो, ऐकू येईना, परत सांग. उन्हानं पत्रा तापलेला असायचा आणि तू मला शिव्या घालायचास, पण चित्र यायचं. त्यात अवघड काही नव्हतं. एक माणूस वर, एक खाली, आणि दोघांनी एकमेकांशी बोलायचं. आता पत्रा नाही, काठी नाही, सगळं सोपं केलंय म्हणतात, आणि मी तीन दिवस एकटाच खुर्चीवर चढतोय आणि उतरतोय. मला करमत नाही, हे तुला दुसऱ्या कुणी सांगणार नाही म्हणून मीच लिहितो.

तर रविवारी ये. सकाळच्या गाडीनं निघालास तर दुपारच्या जेवणाला पोचतोस. टीव्ही तोवर चालू असणार, ही बाळासोची जबाबदारी. शेंगाची चटणी कुटून ठेवतो, वहिनींना ज्वारीचं पीठ आणू देऊ नकोस, हितं आहे. गुराढोरांना, वाटेकऱ्याला आणि कामापुरतं बोलणाऱ्या सगळ्यांना माझा नमस्कार.

तुझा फोन न आलेला,
धाकटा बाळासो

ता. क. (गुरुवार, सकाळी दहा) काल कंडक्टर रजेवर होता म्हणून पत्र राहिलं, ते बरं झालं. टीव्ही चालू झाला! कसा झाला ते ऐक आणि कुणाला सांगू नकोस. आज अमावस्या, म्हणून सारजानं टीव्हीचं शिळं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं, नवं लावायला. मी सवयीनं रिमोटचं बटण दाबलं आणि टीव्ही फटकन बंद झाला. परत दाबलं, चालू! तिनं नवं कुंकू लावलं, मी दाबलं, काही नाही. पुसलं, चालू. लावलं, मुका. असं सहा वेळा केलं. सारजा म्हणाली, ह्याला देवाधर्माचं वावडं हाय, दुकानात परत द्या. तेवढ्यात शिवकुमार लग्नाचे लाडू घेऊन आला आणि कपाळाला हात लावून खालीच बसला. टीव्हीच्या खालच्या कडेला मधोमध एक बारीक काळा ठिपका असतो, तोच त्याचा डोळा. रिमोटचं म्हणणं तो त्या डोळ्यानं वाचतो. आम्ही त्याच्या डोळ्यात तेलात कालवलेलं कुंकू भरलं होतं, आणि वर अक्षता! तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी आलो नाही, आणि हितं तीन दिवस टीव्हीचा मोतीबिंदू सांभाळत बसलो. (नाही आलो, कारण मला कुणी आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर आलो असतो.) आता कुंकू बाजूच्या कडेला लावलंय. शिवकुमारनं मी उपसलेल्या वायरी नीट लावल्या, फलाट बदलला, चित्र आलं. फक्त बातम्या देणारी बाई दोन खुर्च्या भरून बसल्यासारखी दिसते आणि सगळं धुरकट आहे.

ता. क. दुसरा (गुरुवार, दुपारी दोन) वर लिहिलंय की काही काम अडलेलं नाही. अडलंय. शिवकुमार म्हणतो, काका, टीव्ही एचडी आहे पण डबा साधा आहे, म्हणून बाई रुंद दिसते. डबा एचडीचा लागेल, आणि खेळाचं चॅनल तुमच्यात नाहीच, ते वेगळं चालू करून घ्यावं लागेल. तो शनिवारी अकरा वाजता नवा डबा घेऊन येतोय. पण चालू करायचं तर कंपनी म्हणते, कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्या फोनवर ओटीपी जाईल, म्हणजे एकदाच चालणारा चार आकडी नंबर, तो सांगा. आणि कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, आप्पा? डबा तू दिलास, नाव तुझं, फोन नंबरही तुझाच. नाव बदलून घ्यायचं म्हटलं तरी तुझ्याच फोनवर ओटीपी! मी त्या गोड आवाजाच्या मुलीला विचारलं, आकडे पत्रानं मागवले तर चालतील का? ती म्हणाली, काका, तो नंबर दहा मिनिटांतच बाद होतो. दहा मिनिटांत गाडी नातेपुत्याच्या स्टँडवरनं हलतसुद्धा नाही. तेव्हा शनिवारी अकरा वाजता मी फोन करीन. तो तुला उचलावा लागेल. माझ्यासाठी उचलू नकोस, पोरीसाठी उचल. आकडे सांग आणि ठेव, मी दुसरा विषय काढणार नाही.

ता. क. तिसरा. वहिनी, इथनं पुढं मोठ्यानं वाचू नका. आप्पानं विचारलं तर थोरांना नमस्कार लिहिलाय म्हणा. सही तुमची होती, हे मी अजून सारजालासुद्धा सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तुम्हाला त्याच्याबरोबर एका घरात राहायचंय, मी शंभरावर किलोमीटर लांब आहे. त्याचा राग लांबच्यानं घेतलेला बरा. म्हशीची बातमी कळवत राहा. आता एवढं करा. शनिवारी अकरा वाजता फोन त्याच्याजवळ ठेवा, वाजला की हिरवं बटण तुम्ही दाबा आणि त्याच्या कानाला लावा. मेसेज आला की उघडून त्याच्यासमोर धरा, आकडे मोठे असतात, त्याला दिसतील. तुम्ही सांगू नका. तुम्ही सांगितलेत तरी डबा चालू होतो, मला ठाऊक आहे. पण त्यालाच म्हणू द्या. चिडून म्हणाला तरी चालेल. चार महिने झाले त्याचा आवाज ऐकून. तो म्हणाला की मी म्हणणार आहे, ऐकू येईना, परत सांग.